केंद्र उघडं राहावं म्हणून

आज ज्या विषयावर मला बोलायचं आहे, त्यातला मी तज्ज्ञ नाही. पन्हाळा तालुक्यातल्या एका गावी मी हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि गेली बावीस वर्षं गावच्या वाचनालयाचा चिटणीस आहे. या काळात आमच्या वाचनालयात इंटरनेट केंद्र एकदा सुरू झालं, बंद पडलं आणि पुन्हा सुरू झालं. बंद पडलं तेव्हा दाराला कुलूप माझ्याच हातानं लागलं होतं. या परीक्षेत एकदा नापास झालेला मी विद्यार्थी आहे. नापास झालेल्याला पेपरातला अवघड प्रश्न कोणता होता, हे चांगलं आठवतं.

प्रश्न असा आहे. ज्या वस्तीत घरोघरी संगणक नाही, जिथं शिक्षण कमी आणि तालुक्याचं गाव लांब, तिथं सगळ्यांसाठी इंटरनेटची एक जागा असावी, हे आता कुणाला पटवून द्यावं लागत नाही. अशी जागा सुरू करणंही फारसं कठीण नाही. देणगीदार मिळतात, सरकारी योजना असतात, नारळ फोडायला पाहुणे मिळतात. पण तीच जागा पाच वर्षांनी उघडी असेल का? दहा वर्षांनी? आणि नसेल तर का नसेल? आज याच गोष्टीविषयी बोलू.

आमचं केंद्र २००५ साली सुरू झालं. मुंबईत नोकरीला असलेल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून तीन संगणक आणि एक प्रिंटर पाठवला. वाचनालयाच्या मागच्या खोलीला रंग दिला, टेलिफोनच्या तारेवरून जोडणी घेतली. गावातल्याच एका बी.कॉम. झालेल्या मुलाला महिना सहाशे रुपये मानधनावर बसवलं. पहिल्या महिन्यात जत्रा भरावी तशी गर्दी. मुलं दहावी-बारावीचे निकाल बघायची. आखातात गेलेल्या एका गवंड्याची आई मुलाचं पत्र संगणकावर वाचून घ्यायला यायची. आम्हाला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

मग एकेक गोष्ट निखळत गेली. त्या वर्षांत ग्रामीण भागात भारनियमन दहा-बारा तासांपर्यंत जायचं. वीज असायची ती रात्री, आणि केंद्र दिवसा. यूपीएसची बॅटरी दोन वर्षांत गेली. नवी घ्यायला पैसे बाजूला काढलेले नव्हते. पावसाळ्यात तार तुटली की जोडणी आठवडा आठवडा बंद. प्रिंटरच्या शाईचा खर्च प्रिंटच्या पैशातून निघेना. आणि मुलाला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली. त्याला आम्ही हार घालून निरोप दिला. त्याच्या जागी कोण, याचा विचार मात्र केला नव्हता. किल्ली माझ्याकडे आली. शाळा सुटल्यावर जमेल तेव्हा मी केंद्र उघडू लागलो. ‘जमेल तेव्हा’ हे दोन शब्द सार्वजनिक कामाला कसे मारतात, हे मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते २०१३ च्या जून महिन्यात. डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक आजी आपल्या नातीला घेऊन खाली आली होती. मुलगी दहावीला चांगल्या गुणांनी पास झालेली, माझ्याच वर्गातली. तिला डिप्लोमाला जायचं होतं आणि अर्ज ऑनलाइन भरायचा होता. मी एका लग्नासाठी सांगलीला गेलो होतो. दार बंद. दोघी तासभर पायरीवर बसल्या आणि दोन तासांची चढण चढून परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा मी होतो, पण मुदत संपली होती. मुलगी जवळच्या गावी अकरावी आर्ट्सला गेली. वर्ष वाया गेलं नाही, वाट बदलली. आजी मला एका शब्दानं बोलली नाही, आणि तेच जास्त लागलं. त्या संध्याकाळी मी केंद्र बंद असल्याची चिठ्ठी दाराला लावली. उघडं आहे असं सांगून बंद ठेवण्यापेक्षा ते बरं, असं वाटलं.

त्यानंतर वर्षभर मी एकच उद्योग केला. इतर ठिकाणी काय झालं, ते विचारत आणि वाचत राहिलो. त्यातल्या चार हकिकती सांगतो. पहिली आमच्या शेजारचीच आहे.

वारणानगर आमच्या तालुक्यातच आहे. १९९८ साली तिथल्या सहकारी संस्थांच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांसाठी, ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचं नाव झालं. खर्चाचा निम्मा वाटा केंद्र सरकारचा, मोठा वाटा राज्याचा आणि उरलेला वारणेच्या संस्थांचा. गावोगावी चोपन्न केंद्रांत संगणक बसले. शेतकऱ्याला बाजारभाव कळावेत, शेतीचा सल्ला मिळावा, सरकारी कामं तिथंच व्हावीत, अशी मूळ कल्पना होती. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं, तर यातलं बहुतेक मागे पडलेलं. उरलं होतं ते उसाचं काम. माझ्या उसाची नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरलं, खत किती मिळणार. शेतकरी येत होता तो एवढ्यासाठी.

कुणी म्हणेल, प्रकल्प फसला. मला तसं वाटत नाही. गावातलं केंद्र इतकी वर्षं उघडं राहिलं, कारण उसाचा हिशेब ही शेतकऱ्याची हंगामागून हंगाम येणारी गरज होती आणि तो हिशेब नीट राहण्यात कारखान्याचाही फायदा होता. म्हणून खर्च कारखान्यानं सोसला. बाकीच्या सेवांची गरज कागदावर होती, आणि त्यांचा खर्च सोसणारा कुणी नव्हता.

हकिकतीचा पुढचा भाग अधिक बोलका आहे. मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या संशोधन विभागानं वारणेत सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाइल फोन ठेवला आणि उसाची सगळी माहिती एसएमएसवर द्यायला सुरुवात केली. संगणकावर होणारं सगळं काम फोनवर झालं, शेतकऱ्यांना ते जास्त सोयीचं वाटलं आणि खर्च कमी आला. चोपन्न गावांत हीच पद्धत आणली तर वर्षाला सुमारे दहा लाख रुपये वाचतील, असा त्यांचा हिशेब होता. यातून मी एक धडा घेतला. केंद्र म्हणजे त्यातलं यंत्र नव्हे. यंत्र बदलतं, स्वस्त होतं, जुनं होतं. टिकते ती गरज. आम्ही तीन संगणक जपत बसलो होतो आणि गरज कुठली, हे विचारलंच नव्हतं.

दुसरी हकिकत मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्याची. जानेवारी २००० मध्ये तिथं ‘ज्ञानदूत’ सुरू झालं. गावोगावी ‘सूचनालय’ आणि ते चालवणारा स्थानिक तरुण म्हणजे ‘सूचक’. मंडीतले भाव, जमिनीचे उतारे, जातीच्या दाखल्याचा अर्ज, हातपंप बंद असल्याची तक्रार, अशी कामं थोड्या पैशांत व्हायची. त्याच वर्षी स्टॉकहोमचा आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कल्पना उत्तम होती. पण सूचनालयातून गेलेल्या तक्रारीला उत्तर द्यायचं ते कचेरीनं. ज्या अधिकाऱ्यांनी हे उभं केलं, त्यांच्या बदल्या झाल्या. वीज आणि टेलिफोन भरवशाचे नव्हते. काही वर्षांतच वापर रोडावला. पुढच्या टोकाला बसलेला सूचक कितीही तत्पर असला, तरी मागच्या टोकाला टेबलावर कागद हलला नाही, तर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत. लोक संगणकाजवळ येत नाहीत, ते कामाजवळ येतात.

तिसरी हकिकत पुद्दुचेरीची. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या संशोधन प्रतिष्ठाननं १९९८ पासून तिथल्या खेड्यांत ज्ञानकेंद्रं काढली. त्यांची एक अट मला फार मोलाची वाटते. जागा गावानं द्यायची, पण ती अशी हवी की तिथं दलितांसह गावातल्या कुणालाही येता आलं पाहिजे. केंद्र चालवायला गावातलीच माणसं, त्यांत बऱ्याच स्त्रिया. वीरमपट्टिनम या कोळ्यांच्या गावात रोज समुद्रातल्या लाटांच्या उंचीचा अंदाज इंटरनेटवरून उतरवून घ्यायचे आणि भोंग्यावरून सांगायचे. होडी घालायची की नाही, हे त्यावर ठरायचं. इंटरनेट एका खोलीत, पण त्याचा उपयोग किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला. त्यासाठी कुणाला संगणक शिकावा लागला नाही.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. त्या भागातल्या नल्लवाडू गावच्या एका तरुणानं सिंगापूरहून फोन करून घरच्यांना सावध केलं. गावात ज्ञानकेंद्राचा भोंगा होता, पण दार बंद होतं. गावकऱ्यांनी दार फोडलं आणि त्या भोंग्यावरून सगळ्यांना पळायला सांगितलं, असं तेव्हाच्या वृत्तांतांत आलं आहे. घरं गेली, होड्या गेल्या, गावातली माणसं वाचली. ही हकिकत मी जेव्हा जेव्हा सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याला त्सुनामी आठवते. मला ते बंद दार आठवतं. गावकऱ्यांनी ते फोडलं, कारण आत काय आहे आणि ते चालू आहे, हे त्यांना रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. आमच्या पायरीवर बसलेल्या आजीला तेवढाही भरवसा नव्हता.

चौथी हकिकत केरळातल्या ‘अक्षय’ची. २००२ साली मलप्पुरम जिल्ह्यात ती सुरू झाली. प्रत्येक कुटुंबातल्या एका माणसाला संगणकाची तोंडओळख करून द्यायची, हा पहिला टप्पा. केंद्रं स्थानिक तरुण-तरुणींनी कर्ज काढून घातलेली आणि शिकवण्याचे पैसे बहुतांशी पंचायतींकडून मिळणारे. शिकवणं संपलं, तसा पैशाचा तो झराही आटला. तिथं काही केंद्रं बंद पडली. जी टिकली ती पुढं बिलं भरणं, दाखले, निरनिराळ्या सरकारी नोंदण्या अशा कामांवर टिकली, कारण सरकारनं ती कामं ठरवून या केंद्रांकडे वळवली. पहिला टप्पा संपण्याआधी दुसऱ्या टप्प्याचा पैसा कुठून येणार हे माहीत हवं, हा त्यातला धडा.

देशपातळीवर हाच प्रश्न होता. २००६ साली केंद्र सरकारनं देशभर एक लाख सामाईक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. सहा लाख खेड्यांसाठी म्हणजे सहा गावांमागे एक. केंद्र चालवणारा गावातला उद्योजक, वर कंपनी, आणि सुरुवातीची चार वर्षं उत्पन्नातली तूट भरून काढायला सरकारी मदत. आज ही केंद्रं पाच लाखांवर गेली आहेत. आपल्या राज्यात २०११ पासून ग्रामपंचायतींत ‘संग्राम’ केंद्रं आणि नंतर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रं आली. ‘सेतू’ त्याच्याही आधीपासून आहे. म्हणजे केंद्रांचा दुष्काळ आता नाही. पण त्या खुर्चीत बसणाऱ्या संगणक परिचालकांचे मोर्चे आणि थकलेल्या मानधनाच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. यंत्राला पैसा आहे, तारेला पैसा आहे. माणसाला मात्र ‘मानधन’. या एका शब्दात आपण किती काम फुकट करून घेतो, हे चिटणीस म्हणून मला चांगलं ठाऊक आहे. सहाशे रुपये मीच देत होतो.

आता कुणी विचारेल, २०१६ नंतर मोबाइलचा डेटा इतका स्वस्त झाला, हातोहाती फोन आले, मग ही केंद्रं हवीत कशाला? एसटीडी बूथचं उदाहरण देतात. पिवळी पाटी असलेले ते बूथ एके काळी नाक्यानाक्यावर होते. चालवणाऱ्याला प्रत्येक फोनमागं कमिशन मिळायचं, म्हणून तो रात्री अकरापर्यंत बूथ उघडा ठेवायचा. कुणाच्या भाषणाची गरज पडली नाही. फोन खिशात आला आणि बूथ गेले. कुणी रडलं नाही, आणि ते ठीकच झालं.

शंका रास्त आहे. पण बूथवर माणूस फक्त बोलायला जायचा आणि बोलता सगळ्यांनाच येतं. केंद्रात माणूस काय घेऊन येतो ते पाहा. आधारवरचं नाव आणि सातबारावरचं नाव जुळत नाही. कागद अमुक एका आकाराच्या फाइलमध्ये चढवायचा आहे. ओटीपी येतो तो मुलाच्या फोनवर, आणि मुलगा पुण्यात. अंगठ्याचे ठसे खुरप्यानं झिजलेले, यंत्र ते ओळखत नाही. यातलं कुठलंही काम खिशातल्या फोननं आपोआप होत नाही. शिवाय फोन घरात असला, तरी तो कुणाच्या हातात असतो? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या तीन स्त्रियांपैकी एकीनंच कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण निम्म्याहून जास्त होतं. २०२१ च्या मे महिन्यात अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना लशीसाठी आधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची झाली, तेव्हा ज्यांना ती करता येत नाही त्यांचं काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानंही विचारला होता. सरकारचं दार जितकं इंटरनेटच्या बाजूला सरकेल, तितकी वाट दाखवणाऱ्याची गरज वाढेल, कमी होणार नाही.

आणि फुकट मिळणाऱ्या सोयीबद्दलही सावध राहावं. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेल यांचं मोफत वाय-फाय सुरू झालं आणि पुढं ते चारशेवर स्थानकांत पोचलं. स्थानकावर बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आपण पाहिली. २०२० साली गूगलनं हा कार्यक्रम आवरता घेतला, कारण डेटा स्वस्त झाल्यावर त्यांना त्याची गरज उरली नव्हती. त्यात त्यांचा दोष नाही. स्थानकांवरचं वाय-फाय मात्र बंद पडलं नाही, कारण तारा आणि जबाबदारी रेलटेलची, म्हणजे रेल्वेच्याच कंपनीची होती. पाहुणा गेला तरी घर राहिलं. प्रत्येक केंद्राला असं घर हवं.

आमच्या केंद्राचं दार २०१४ साली पुन्हा उघडलं. या वेळी नारळ फोडला नाही, आधी हिशेब मांडला. तो हिशेब कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, घर. केंद्र वाचनालयाचं ठेवलं, कुणा एकाचं नाही. महाराष्ट्रात १९६७ सालचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्यामुळे खेड्यातल्या छोट्या वाचनालयालाही दर वर्षी थोडंफार अनुदान मिळतं, हिशेब तपासला जातो, समिती निवडून येते. अनुदान तुटपुंजं आहे, उशिरा येतं, हे सगळं खरं. पण पुस्तकं विकून वाचनालय नफ्यात आलं पाहिजे, असं कुणी म्हणत नाही. रस्त्यावरच्या दिव्याच्या बिलाबद्दलही म्हणत नाही. ग्रामपंचायतीला आम्ही तेच सांगितलं आणि विजेच्या बिलाचा वाटा तिनं उचलला.

दुसरी गोष्ट, माणूस. बचत गटातल्या तीन बायका आळीपाळीनं केंद्र चालवतात. एकीच्या घरी बारसं असलं तर दुसरी येते. तिघींकडे तीन किल्ल्या आहेत आणि माझ्याकडे एकही नाही, हे मी मुद्दाम केलं. केंद्राच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांच्या खात्यात जातो. बायका बसायला लागल्यापासून बायका यायलाही लागल्या.

तिसरी गोष्ट, घसारा. गणिताचा शिक्षक असून हे मी पहिल्या वेळी विसरलो होतो. बॅटरी दोन-तीन वर्षांनी जाणार, संगणक सहा-सात वर्षांनी. म्हणजे ती वस्तू आणली त्याच दिवसापासून तिच्या मरणाची वर्गणी सुरू केली पाहिजे. दर महिन्याला जमेतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. त्याला आमच्याकडे ‘बॅटरीचा डबा’ म्हणतात. या डब्याला हात लावायचा नाही, गणपतीच्या वर्गणीसाठीसुद्धा नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात नाजूक आहे. ज्या कामांना पैसे मिळतात ती कामं करणारे बहुतेक थोडी ऐपत असलेले लोक असतात. परीक्षेचे अर्ज, रेल्वेचं तिकीट, रंगीत फोटो. ज्यांना केंद्राची सर्वांत जास्त गरज असते, त्यांची कामं वेळखाऊ आणि बिनपैशाची असतात. पेन्शन का थांबली हे शोधायला तास जातो आणि त्याला दरपत्रकात ओळ नाही. केंद्र फक्त धंदा म्हणून चालवलं, तर चालवणाऱ्याला हा माणूस नकोसा होतो. त्याची चूक नसते, त्यालाही घर असतं. म्हणून आम्ही आठवड्यातली एक सकाळ, बाजाराच्या दिवशीची, अशा कामांसाठी राखून ठेवली आहे. त्या सकाळच्या बसणाऱ्या बाईची हजेरी उरलेल्या दिवसांच्या उत्पन्नातून दिली जाते. तूट आली तर समिती भरते. ही तूट म्हणजे अपयश नव्हे. केंद्र ज्या कामासाठी काढलं, त्याची ती किंमत आहे.

पाचवी गोष्ट, विश्वास. दुसऱ्याचा आधार क्रमांक, बँकेचं खातं, अंगठा आपल्या हातात येतो. दर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिले आहेत. पैसे काढले तर रक्कम मोठ्यानं वाचून दाखवायची आणि पावती हातात द्यायची. कुणाचा पासवर्ड वहीत उतरवायचा नाही. एकदा गावाचा भरवसा उडाला, की कुठलीही योजना तो परत आणून देत नाही.

इतकं करूनही सगळं सुरळीत आहे असं म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर शाळा फोनवर भरू लागली, तेव्हा चार-चार मुलं एका पडद्यापुढं अंतर राखून बसवताना आमच्या नाकी नऊ आले. जोडणी अजूनही पावसात जाते. तिघींपैकी एक परवा लेकीकडे पुण्याला गेली, आता नवी शिकवून तयार करायची आहे. हे काम संपत नाही. विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात काढावा लागतो. एकदा काढला म्हणून कुणी पुढच्या वर्षीची काळजी सोडत नाही. केंद्राचंही तसंच आहे.

म्हणून कुठल्याही गावात नवं केंद्र काढायला निघालेल्यांना मी यंत्र कुठलं घेणार, हे विचारत नाही. लोक पुन्हा पुन्हा यावेत असं कुठलं काम तिथं होणार? तिथं बसणाऱ्या माणसाचं पोट त्यावर भरेल का? बॅटरी गेली तर पैसे कुठून येणार? आणि तुम्ही गावाला गेलात, तर दार कोण उघडणार? या चार प्रश्नांची उत्तरं असतील, तर खुशाल नारळ फोडा. नसतील, तर उद्घाटनाची तारीख पुढं ढकला.

धनगरवाड्यातली ती आजी अजून येते. तिचा हयातीचा दाखला दर वर्षी आमच्याच केंद्रात निघतो. नातीचा डिप्लोमा राहिला तो राहिलाच. नात आता सासरी असते आणि तिच्या फोनवर आजीशी बोलणं होतं. आजी मात्र अजूनही पायऱ्या चढण्याआधी खालीच थांबते आणि ओरडून विचारते, “मास्तर, आज उघडं हाय न्हवं?” दार सताड उघडं असतं, तिला दिसत असतं, तरी विचारते. मी म्हणतो, “हाय, आजी, या वर.” अकरा वर्षं झाली, ती विचारतेच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)